गोदामाचा मेन स्विच

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा छापील इतिहास मीच लिहिलेला आहे. इंग्रजीत, वीसेक पानांचा, गुळगुळीत कागदावर. नव्या इमारतीच्या उद्‌घाटनाला तो पाहुण्यांना वाटला होता. त्यातली एक ओळ खोटी आहे, आणि ती दुसऱ्या कोणी घुसडलेली नाही. ती दुरुस्त करायचं मी एका माणसाला कबूल केलं होतं. आता वय झालं. दुपारी जेवून पडलो की डोळा उघडतो तो दिवेलागणीला. बाकीची कामं मुलांनी हातातून काढून घेतली, हे एक राहिलं आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी अमिरातीत गेलो. त्याआधी मुंबईत एका कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. तिथल्या विद्यापीठाला पुस्तकांची वर्गवारी करणारा माणूस हवा होता, आणि मला घराचं कर्ज फेडायचं होतं. ग्रंथालय म्हणजे तेव्हा वाळूत उभ्या केलेल्या दोन पोर्टाकेबिन. एका भिंतीला इंग्रजी पुस्तकं, डावीकडून उजवीकडे लावलेली. दुसऱ्या भिंतीला अरबी, उजवीकडून डावीकडे. दोन्ही रांगा कोपऱ्यात येऊन एकमेकींना भिडायच्या, आणि त्या कोपऱ्यात नेमकं काय ठेवायचं यावर आमच्यात बरेच दिवस वाद चालला. शेवटी तिथे झेरॉक्सचं मशीन ठेवलं. सकाळी मुली येत, दुपारनंतर मुलगे. मधला एक तास आमचा. त्या तासात परत आलेली पुस्तकं जागेवर लावायची आणि डबे उघडायचे.

पुस्तकं लावायला एक माणूस होता. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावचा, मुसलमान, माझ्याच वयाचा. त्याला सगळे भाई म्हणत, मीही. तो मला साहेब म्हणे. मराठी बोलायला मिळतं एवढ्यावरच आमचं जमलं. कामात तो चोख होता असं मी म्हणणार नाही. पुस्तकांची ट्रॉली अर्ध्या रांगेत सोडून चहाला जायचा आणि तिकडेच रमायचा. एखाद्या विद्यार्थ्यानं पुस्तक मागितलं की आधी त्याचं गाव कोणतं ते विचारायचा, मग पुस्तक शोधायचा. पण तो आला की केबिनमध्ये जरा हवा खेळल्यासारखी वाटे.

"साहेब, हा अर्ध्या दिरहमचा चहा, म्हणजे आपले पाच रुपये," तो म्हणे. "पाच रुपयांत माझ्या गावात अख्खी किटली येते, वर बसायला बाकडा."

सुरुवातीला तो दुबईत मुहैस्नाहला कामगारांच्या कॅम्पमध्ये राहायचा. तिकडच्या भागाला सगळे सोनापूर म्हणतात. "मुंबईत सोनापूर म्हणजे मसणवट," तो हसून सांगायचा, "इथं निदान जिवंत माणसं ठेवतात." पुढे तो अल क्वोजला गेला, एका खोलीत आठ जण. गावाकडे त्याचं घर चाललं होतं. चिऱ्याच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या, वर छप्पर नव्हतं. दर वर्षी सुट्टीला निघताना तो म्हणायचा, "यंदा कौलं चढवतो, इन्शाल्ला." आणि दर वर्षी कुणाचं तरी आजारपण नाही तर लग्न निघायचं. बायको दिराच्या घरात एका खोलीत राहत होती. नोकरी अजून तीन-चार वर्षं टिकली की घर पुरं होईल, असा त्याचा हिशेब होता. त्याच्यापुढचं त्याला काही नको होतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर विद्यापीठाची नवी इमारत बांधायचं ठरलं. केबिन हलवायच्या होत्या. त्याच सुमाराला मोत्यांच्या व्यापारातल्या एका जुन्या घराण्यानं आजोबा-पणजोबांची पुस्तकं ग्रंथालयाला दिली. लाकडी पेट्या भरून होती. अरबी, फारसी, आणि त्यांत बरीचशी मुंबईत शिळाप्रेसवर छापलेली. मोती विकायला मुंबईला गेलेली माणसं परतताना पुस्तकं घेऊन येत, हे मला त्या पेट्यांमुळे कळलं. भाईला अरबी वाचता यायचं नाही, पण मुंबईत छापलेली आहेत म्हटल्यावर तो त्यांना "आपल्याकडली पुस्तकं" म्हणू लागला. "साहेब, आपल्याकडली कुठं ठेवू?"

ठेवायला जागा नव्हती. म्हणून अल क्वोजला एक गोदाम भाड्यानं घेतलं. एका बाजूला टायरांचं गोदाम, दुसऱ्या बाजूला सुताराचा कारखाना, मधे आम्ही. शटर वर केलं की उजव्या हाताला भिंतीवर बोर्ड होता. खाली दिव्यांची बटणं, आणि त्यांच्या जरा वर एसीच्या मेन स्विचचा लोखंडी दांडा. एसी उन्हाळाभर चालू ठेवायचा, अशी आमच्या मुख्य ग्रंथपालांची सक्त ताकीद होती. ते सुदानी गृहस्थ होते, उंच, हळू बोलणारे. समुद्रकाठची हवा किती दमट असते ते मला सांगायची गरज नव्हती. पहिल्या वर्षी आम्ही शारजातल्या अल नहदाच्या फ्लॅटमधलं सगळं बंद करून सुट्टीला गेलो होतो, आणि परत आलो तेव्हा माझ्या चामड्याच्या चपलांवर हिरवी लव उगवली होती. त्यानंतर जाताना आम्ही एसी चालू ठेवून जायचो. म्हणजे मला माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहितो आहे.

त्या वर्षी जुलैमध्ये शेवटचे खोके ठेवायला मी गोदामात गेलो, तो आमच्या मुंबईच्या विमानाचाच दिवस होता. बायको आणि मुलं सामानासकट गाडीत बसली होती. तिथूनच थेट विमानतळावर जायचं होतं. भाई मदतीला आला होता. खोके रचून झाल्यावर मी म्हटलं, "भाई, दिवे घालवा, मी कुलूप आणतो." त्यानं बटणं बंद केली आणि तो बाहेर गाडीपाशी गेला. मुलांशी त्याची थट्टा चालली होती.

"काय रे, आजोळी जाऊन आंबे खाणार का?"

"अंकल, इट्स जुलै," माझा मुलगा म्हणाला. "नो मँगोज."

"मग भाभी, याला फणसाची भाजी घाला."

कुलूप गाडीतच राहिलं होतं. मी ते घ्यायला गेलो तेव्हा बायकोनं काचेतून विचारलं, "मेन बंद केला ना? गॅस?" ती घराचं विचारत होती, आणि तेही सवयीनं, कारण एसीसाठी घरचा मेन आता आम्ही चालूच ठेवत असू. जन्मभर आमच्याकडे गावाला निघताना हेच विचारलं जायचं. माझे वडील दारातून परत आत जाऊन मेन स्विच बघून यायचे. मी "हो, हो" म्हटलं, कुलूप घेतलं, अर्ध्या ओढलेल्या शटरखाली वाकलो आणि आत हात घालून तो दांडा खाली ओढला. मग शटर ओढलं, कुलूप लावलं. हात आपोआप गेला. मनात काही आलंही नाही. त्यानंतर आम्ही विमानतळावर गेलो.

ठाण्याला बहिणीकडे होतो तेव्हा मला ते आठवलं. सगळे लग्नाला नाशिकला निघालो होतो. मेहुण्यांनी चपला घालता घालता ओरडून विचारलं, "मेन बंद केला का रे कोणी?" आणि माझ्या उजव्या हाताला तो दांडा जाणवला. तापलेला, आतून घट्ट, खाली येताना एकदम सैल होणारा. मी दारातच उभा राहिलो. बहीण म्हणाली, "काय राहिलं?" मी म्हटलं, "काही नाही."

कोपऱ्यावर परदेशी फोनचा बूथ होता. नाशिकहून परतल्यावर मी तिथपर्यंत गेलो. मुख्य ग्रंथपालांच्या घरचा नंबर माझ्याजवळ होता. एक फोन केला असता तर त्यांनी त्याच दिवशी माणूस पाठवला असता, आणि माझ्यावर जरा रागावले असते. एवढंच झालं असतं. पण मी स्वतःला सांगितलं की भास असेल. मग सांगितलं की आठवड्यातून एकदा भाई गोदामाकडे फेरी मारतोच, तो बघेल. बूथवाल्यानं विचारलं, "गल्फ लावायचं का काका?" मी नको म्हणालो. स्वतःला हे पटवायला मला फार कष्ट पडले नाहीत.

भाई फेरीला जात होता, पण शटर वर करत नव्हता. त्या उन्हात लोखंडाला हात लावणं सोपं नाही. कुलूप जागेवर आहे ना ते बघायचं आणि परत फिरायचं. त्या गल्लीत प्रत्येक गोदामाचा एसी घरघरत असतो, आपला बंद आहे हे बाहेरून कळत नाही. हे त्यानंच सप्टेंबरमध्ये सांगितलं. लपवलं नाही.

सप्टेंबरमध्ये शटर वर केलं तेव्हा आधी वास आला. ओल्या गोणपाटाचा, आणि त्यात काहीतरी गोडसर. मुख्य ग्रंथपालांनी नाकाला रुमाल लावला. नियतकालिकांच्या गुळगुळीत पानांच्या विटा झाल्या होत्या. मोतीवाल्यांच्या पेट्या उघडल्या तर पुस्तकांवर करडी, हिरवी लव. खळ लावलेल्या पुठ्ठ्यांवर सगळ्यात जास्त. एक पुस्तक मी उचललं तर पुठ्ठा माझ्या हातात आला आणि आतली पानं पेटीतच राहिली. थोडी वाचली, बाकीची गेली. त्यांतली कितीतरी दुसरीकडे कुठे मिळण्यासारखी नव्हती.

दांडा खाली होता. मुख्य ग्रंथपालांनी विचारलं, शेवटी कोण होतं?

भाईनं बोर्डाकडे बघितलं. थोडी अरबी त्याला यायची, पण त्या क्षणी ती कुठे गेली कोण जाणे. तो हिंदीत बोलू लागला, अधूनमधून मराठीत, माझ्याकडे बघत. "लाइट तो मैंने बंद किया था. साहेबांनी सांगितलं म्हणून. उसके बाजू में ही ये है. हाथ लग गया होगा. साहेब, माझाच हात लागला असेल. मी वर बघितलंच नाय."

ग्रंथपाल माझ्याकडे वळले. हा काय म्हणतोय ते इंग्रजीत सांग, म्हणाले.

आणि मी सांगितलं. शब्दाला शब्द लावून. त्यात एक शब्दही मी वाढवला नाही, की कमी केला नाही. माझं इंग्रजी त्या दिवशी फार स्वच्छ होतं. भाई मान हलवत होता, बरोबर सांगतोय ना ते बघत होता. फेरीचंही मी सांगितलं, शटर उघडलं नाही तेही.

"खलास," ग्रंथपाल म्हणाले. रागानं नव्हे. ते दमलेले होते.

भाईची नोकरी गेली, पण व्हिसा रद्द व्हायला काही दिवस लागतात. त्या दिवसांत मला बोलता आलं असतं. मी रोज सकाळी ठरवायचो. माझी दोन मुलं तिथल्या शाळेत होती, घराचं कर्ज अर्धं फिटलं होतं. माझा व्हिसा गेला असता. भाईचा जाणारच होता, असंही मी मनाशी म्हणायचो, शटर उघडलं नाही ही त्याची चूक होतीच. निघायच्या आदल्या दिवशी तो माझ्याकडे अल नहदाला जेवायला आला. बायकोनं सुरमई केली होती. जेवण झाल्यावर जिन्यात माझा हात धरून म्हणाला, "साहेब, माफ करा. तुमची मेहनत माझ्या हातानं गेली. आपल्याकडली पुस्तकं होती." मी म्हटलं, "जाऊ द्या हो भाई." मोठ्या मनानं म्हटल्यासारखं वाटलं असेल त्याला.

नवी इमारत दोन हजार सालानंतर लगेचच उघडली. घुमट, संगमरवर, मधे कारंजं. मुलींचा भाग वेगळा, मुलांचा वेगळा, पण आता दोन्हीकडे दिवसभर उघडं. इतिहास लिहायचं काम त्याआधीच माझ्याकडे आलं होतं. गोदामाचं टाळता येणार नव्हतं, कारण वाचलेल्या पुस्तकांतलं एक, फुगून वाकडं झालेलं, काचेच्या कपाटात ठेवायचं ठरलं होतं. मी लिहिलं, 'एका कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे या संग्रहाचा मोठा भाग नष्ट झाला.' ग्रंथपालांनी वाचून मान डोलावली. छापून आलं.

ग्रंथालय कशासाठी असतं, असा प्रश्न मला त्या इमारतीत रोज पडायचा. मुलं पुस्तकाला हात लावत नसत. संगणकावर लेख उघडायचे, छापून घ्यायचे. गटानं बसायचं, कॉफी प्यायची, परीक्षेच्या दिवसांत झोपायचंही तिथेच. घरात भावंडांचा गोंगाट, बाहेर ऊन, इथे शांत आणि गार. तक्रार नाही करत. पोर्टाकेबिनमध्येही मुलं गारव्याला यायची, फक्त तेव्हा आम्हाला ते कबूल करायला लाज वाटायची. नव्या इमारतीतला एसी कधीच बंद होत नसे. त्याला बंद करायला आम्हाला कुणाला दिसेल असा स्विचच नव्हता.

एकदा एक विद्यार्थिनी माझ्या टेबलाशी आली. घरात मराठी, जन्म तिकडचा.

"अंकल, मला बुक नकोय, फक्त सॉकेट हवंय. लॅपटॉप डाउन झालाय."

मी काचेच्या कपाटामागचं सॉकेट दाखवलं. लॅपटॉप चार्ज होईपर्यंत ती तिथेच उभी राहून कपाटाशी ठेवलेली इतिहासाची पुस्तिका वाचत होती. मग परत आली.

"अंकल, हा एम्प्लॉयी कोण होता?"

"होता एक. आपल्या रत्नागिरीकडचा."

"मग त्याला काय केलं?"

"परत पाठवला."

"फॉर वन स्विच?" ती म्हणाली. "पुअर मॅन. अंकल, तुम्ही ओळखत होता त्याला?"

मी हो म्हटलं. ती थँक यू म्हणून गेली. पाच मिनिटांत ती ते विसरलीही असेल.

त्याच वर्षी सुट्टीत मी भाईच्या गावाला गेलो. पत्ता होता, आठ वर्षं डायरीत पडून होता. बायकोला नेलं नाही. घर सापडलं. अर्ध्यावर कौलं, अर्ध्यावर पत्रे. पुढच्या खोलीत त्यानं दुकान काढलं होतं, साबण, बिस्किटं, गळाचे दोर. मला बघून तो बाकावरून उठला आणि आत ओरडला, "अगो, गल्फवाले साहेब आले."

त्याची बायको बाहेर आली. अंधारून आलं होतं, तर तिनं दुकानातला दिवा लावला. त्याचा भाऊ ओट्यावर बसला होता. तो म्हणाला, "साहेब, त्याला नका सांगू हां बटण लावायला. अख्ख्या युनिव्हर्सिटीची वाट लावलेला माणूस तो."

भाई हसला. भावाचं ते रोजचंच असावं.

"खरंच सांगते भाऊ," त्याची बायको मला म्हणाली, "घरातलं एक बटण हे लावत नाय की बंद करत नाय. पंखा असो नायतर दिवा. मी नसले तर काळोखात बसतात."

"हात बरा नाय माझा," भाई म्हणाला. "चहा ठेव."

भाऊ नमाजाला गेला. चहा आला. मी कप खाली ठेवला आणि सांगितलं. कुलूप, बायकोचा प्रश्न, दांडा, ठाण्याचा बूथ. सगळं सांगायला फार वेळ लागला नाही. मला वाटलं होतं बराच लागेल.

भाईनं आपली कपबशी बाजूला सारली. मग म्हणाला, "पण तुम्ही तिथंच उभे होता ना, साहेब?"

"हो."

"तुम्हीच तर इंग्लिशमधी सांगितलंत त्याला."

"हो."

"मी म्हणत होतो माझा हात, नि तुम्ही तेच सांगत होता."

त्यानं बायकोला हाक मारली. "इकडं ये. साहेब काय म्हणतात ते ऐक." मग माझ्याकडे वळून, "पुन्हा सांगा. जरा मोठ्यानं."

मी पुन्हा सांगितलं. तिनं पदराला हात पुसत ऐकलं. मग विचारलं, "तेव्हा बोलला असतात तर तुम्हाला काढला असता?"

"बहुतेक."

"पोरं शाळेत होती तुमची."

"हो."

तिनं मान हलवली आणि पत्र्याकडे बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

भाई शेवटी म्हणाला, "त्या नव्या बिल्डिंगीत बुक छापलंय म्हणतात, इतिहासाचं. त्यात मी हाय?"

"नाव नाही. कर्मचारी म्हणून आहे."

"मग ते दुरुस्त करा. बाकी काय नको मला."

मी शब्द दिला. निघताना त्याची बायको नेहमीप्रमाणे दुकानातला दिवा घालवायला उठली. तो म्हणाला, "थांब." उभा राहिला, बटणापर्यंत गेला. हात वर केला आणि खाली आणला. "तूच कर," म्हणाला. "सवय गेली."

परतल्यावर मी नव्या ग्रंथपालांना भेटलो. सुदानी गृहस्थ निवृत्त होऊन गेले होते. नवे तरुण होते, हबीबी म्हणून खांद्यावर हात ठेवायचे. मी म्हटलं, पुस्तिकेत एक चूक आहे, नवी छापताना बदलायची आहे. ते म्हणाले, ती कोण वाचतं, आता सगळं वेबसाइटवर टाकू, तेव्हा बघू. मी चूक कोणती ते सांगितलं नाही. वेबसाइट झाली, ओळ तशीच तिथे गेली. मग माझी मुदत संपली, आणि मी इकडे आलो. प्रत्येक वेळी मी थोडं पुढे ढकललं, आणि आता ढकलायला पुढे फारसं काही उरलेलं नाही.

भाई अजून आहे. डोळे गेलेत, असं त्याच्या सुनेनं फोनवर सांगितलं. ती शाळेत शिकवते. मी म्हटलं, मी काही लिहून पाठवतो, त्यांना वाचून दाखव. ती म्हणाली, "मराठीत लिहा काका, आणि त्यांना ऐकायला मोठ्यानं वाचावं लागतं."

तर मोठ्यानं वाच, बाळा. गोदामाचा एसी तुझ्या सासऱ्यानं बंद केला नव्हता. त्यानं फक्त दिवे घालवले होते, आणि तेही मी सांगितलं म्हणून. दांडा मी खाली ओढला. ठाण्यात आठवलं, तरी कळवलं नाही. त्या पुस्तिकेत जो निष्काळजी कर्मचारी आहे, तो मी आहे. तिकडे ही दुरुस्ती कुणी करणार नाही. म्हणून इथे केली आहे. वाचून झाल्यावर त्याला विचार, बरोबर लिहिलंय का. तो तिथे होता.